आईच्या मापाचं कपाट

सोमवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला तेव्हा धाकटी ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये शाल पांघरून बसली होती. सर्व्हर रूम हे साहेबांनी दिलेलं नाव. पूर्वी तिथे झाडू आणि बादल्या ठेवत. आता बादल्यांच्या जागी एक मोठं मशीन होतं, मशीनसाठी एसी होता, आणि एसीमुळे धाकटी बाराही महिने शाल वापरायची.

डॉक्टर म्हणाले, खुब्याचं ऑपरेशन छान झालंय, आईंना रविवारी चार वाजता घरी न्या. फक्त त्यांना आता एक स्वतंत्र खोली लागेल. पलंग भिंतीला लावायचा, आणि वॉकर घेऊन उठता येईल एवढी जागा समोर ठेवायची.

"पुन्हा पडल्या तर मी काही सांगू शकत नाही," ते म्हणाले. "खोल्या किती आहेत घरात?"

"तीन."

"मग प्रश्नच मिटला."

डॉक्टर बिचारे सरळ माणूस. त्यांना कोण सांगणार की प्रश्न तिथूनच सुरू होत होता.

घरात खोल्या तीन होत्या हे खरं. एक थोरल्या दादाची, एक ताईची, एक मामांची. दादा जहाजावर स्वयंपाकी, वर्षातून एकदा चार दिवस उगवायचा. ताई दुसऱ्या गावी शाळेत शिकवायची, तिला दोन वर्षांतून एकदा आईची आठवण यायची. मामा घड्याळजी. दुकान बंद झालं तेव्हा आठवडाभर म्हणून आले, तीन वर्षं राहिले, आणि मग गावाच्या दुसऱ्या टोकाला मित्राकडे राहायला गेले. जाताना तिघांनीही आपापल्या खोलीत सामान ठेवलं आणि दाराला कुलूप घातलं. आई आणि धाकटी स्वयंपाकघर आणि मोरीच्या मधल्या पॅसेजमध्ये झोपायच्या, एकीचं डोकं दुसरीच्या पायाशी. असं अकरा वर्षं चाललं होतं. पॅसेज एवढा अरुंद की एकीने कूस बदलायची तर दुसरीला विचारून.

आई पडली ती तिथेच. पहाटे मोरीकडे जायला उठली आणि धाकटीच्या पायाला अडखळली. धाकटीने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना तिने फरशी ओली होती म्हणून सांगितलं. आईनेही तेच सांगितलं, आणि मायलेकी अळीमिळी गुपचिळी करून बसल्या. पण त्या दिवसापासून धाकटी पाय पोटाशी घेऊन झोपायची, शेजारी कुणी नसलं तरी.

आता कुणी म्हणेल, घर आईचं, मग एक कुलूप काढा आणि घाला पलंग. तसं म्हणणाऱ्याला आई माहीत नाही. आईने आयुष्यभर शिवणकाम केलं. नजरेने माप घ्यायची आणि दिलेला शब्द कधी उसवायची नाही. दादा पहिल्यांदा जहाजावर निघाला तेव्हा दारात उभी राहून ती म्हणाली, "जा बाळा, अख्खं घर तुझं आहे." ताई निघाली तेव्हा तेच म्हणाली. मामा मित्राकडे निघाले तेव्हा त्यांनाही तेच. एकच घर तिने तीन जणांना अख्खं देऊन टाकलं होतं, आणि आजवर काही बिघडलं नव्हतं, कारण तिघे एकाच वेळी कधी आले नव्हते.

आणि गंमत अशी की धाकटीचं पोट ज्या मशीनवर चालत होतं, तेसुद्धा नेमक्या याच थापेवर चालत होतं.

ऑफिस कुलपांच्या कारखान्याचं. सगळ्या कारखान्याचा कारभार त्या एका मशीनवर. पण त्या मशीनच्या पोटात नऊ लुटुपुटीची मशीनं होती: एक पगाराचं, एक कच्च्या मालाचं, एक किल्ल्यांच्या नमुन्यांचं, अशी. प्रत्येकाला वाटायचं, आपण खरंखुरं आणि एकटंच मशीन आहोत. मोठ्या मशीनला होस्ट म्हणतात आणि आतल्यांना गेस्ट, म्हणजे सरळ यजमान आणि पाहुणे. प्रत्येक पाहुण्याला सांगितलेलं असतं, बत्तीस जीबी मेमरी तुझी. बत्तीस नव्वे दोनशे अठ्ठ्याऐंशी. यजमानाकडे असते एकशे अठ्ठावीस. पण सगळे एकदम मागत नाहीत, म्हणून अब्रू झाकलेली राहते.

खरी मेख पुढेच आहे. पाहुण्याने एखाद्या जागेला पहिल्यांदा हात लावला की यजमान ती जागा त्याला देऊन टाकतो. काम संपलं की पाहुणा आपल्या वहीत लिहितो, ही जागा रिकामी. पण वही आत असते आणि यजमान बाहेर. त्याला कळतं एवढंच की इथे एकदा हात लागला. मग ती जागा त्या पाहुण्याचीच राहते, वर्ष गेलं तरी. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी म्हणतात तसं. फरक एवढाच की इथे पाय कधीच आखडून घेतलेले असतात आणि ओसरी तरीही अडलेली असते.

सोमवारी संध्याकाळी धाकटीने तिघांना फोन लावले. दादाचं जहाज नेमकं त्या आठवड्यात किनाऱ्याला होतं.

"आईला एक खोली हवीये, दादा. तुझ्या खोलीत काय काय आहे?"

"काही नाही गं. रिकामीच आहे."

"मग घेऊ?"

"घेऊ कसं? रिकामी आहे, पण माझी आहे. आणि हात लावू नकोस कशाला. मागच्या वेळचं आठवतंय ना?"

आठवत होतं. चार वर्षांपूर्वी त्या खोलीत वाळवी लागली म्हणून तिने आपल्या किल्लीने दार उघडलं होतं. सगळ्यांची कुलपं तिनेच कारखान्यातून आणलेली, तेव्हा दुसरी किल्ली तिच्याकडे असायचीच. त्या पसाऱ्यातली सगळ्यात निरुपयोगी वस्तू म्हणून गुंडाळी केलेली एक जुनी सतरंजी तिने गच्चीवर नेऊन ठेवली. नेमके त्या सतरंजीत दादाचे जहाजाचे कागद होते. दादा आला, सतरंजी दिसली नाही, आणि तो खोलीच्या मधोमध उभा राहिला तो उभाच राहिला. हाक मारली तर पाच मिनिटांनी 'ओ' द्यायचा. कागद सापडेपर्यंत तीन दिवस गेले आणि जहाज सुटलं. मशीनचंही असंच होतं. यजमानाने स्वतःच्या मनाने पाहुण्याचं काही उचलून अडगळीत टाकलं की ते नेमकं रोज लागणारं निघतं, आणि पाहुणा बसल्या जागी गोठतो.

ताई म्हणाली, "अगं, नऊ वर्षांच्या उत्तरपत्रिका आणि एक हाडांचा सापळा, बस्स. तशी रिकामीच आहे खोली. पण माझी आहे." मामा म्हणाले, "घड्याळं आहेत थोडी." थोडी म्हणजे साठ. "बाकी रिकामी आहे, पण आता माझी म्हणायला तेवढीच एक जागा आहे ना गं."

मंगळवारी ती दवाखान्यात गेली आणि आईला म्हणाली, "तूच सांग ना एकदा. तुझं ऐकतील."

"दिलेली जागा परत मागायची नसते," आई म्हणाली. "मी पॅसेजमध्येच राहीन."

"वॉकर मावत नाही पॅसेजमध्ये."

"मग मी मावेन."

धाकटीला रडू आलं आणि रागही आला. तिने दोन्ही गिळलं आणि आईच्या उशीचा अभ्रा बदलला.

बुधवारी सर्व्हर रूममध्ये मशीन धापा टाकायला लागलं. नमुन्यांच्या मशीनला नव्या कुलपाचा नमुना काढायला जागा हवी होती आणि यजमानाकडे शिल्लक काही नव्हतं. साहेब दारात येऊन उभे राहिले. थंडी वाजते म्हणून ते कधी आत यायचे नाहीत.

"कुणी धरून ठेवलीये मेमरी?"

"पगाराच्या मशीनने, साहेब. मार्चमध्ये वर्षाचा हिशोब एकदम उघडला होता. तेव्हापासून एकोणतीस धरून बसलंय. वापरतं चार."

"मग पंचवीस काढून घ्या."

"कुठले पंचवीस? बाहेरून सगळे सारखेच दिसतात."

"मग त्यालाच विचारा."

"विचारलं. म्हणतं, पंचवीस रिकामे आहेत."

"झालं तर मग."

"पण माझे आहेत, म्हणतं."

साहेबांनी थोडा वेळ मशीनकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ते एरवी युनियनच्या माणसांसाठी राखून ठेवत. "मग तुम्ही काय करता अशा वेळी, बाई?"

"आत आपला माणूस बसवते," धाकटी म्हणाली. "छोटासा प्रोग्राम असतो, त्याला फुगा म्हणतात. तो पगाराच्या मशीनच्या आत बसून त्याच्याकडेच जागा मागतो. मशीनला वाटतं, आपल्याच घरातलं कुणी मागतंय. मग ते आपल्याला काय लागत नाही ते स्वतःच शोधतं आणि बाजूला करतं. त्याच्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळतच नाही. फुगा ती जागा अडवून बसतो. आणि फुग्याच्या आत काहीच नसतं, म्हणून ती जागा आपण बाहेरून दुसऱ्याला देतो."

"म्हणजे फसवणूकच की."

"फसवणूकच. पण कुणाचं काही हरवत नाही."

साहेब गेले, फुगा फुगला, नमुन्यांच्या मशीनने नव्या कुलपाचा नमुना काढला, आणि धाकटी हातातला चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिली. मग शाल खांद्यावर टाकून ती थेट सुताराकडे गेली.

"कपाट करायचंय," ती म्हणाली. "साडेसहा फूट लांब, साडेतीन फूट खोल, सहा फूट उंच. समोरची बाजू सगळी सरकत्या दारांची. खाली फळी नको. वर जाळी."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली आणि परत कानावर ठेवली. "जाळी कशाला?"

"हवा खेळायला."

"आत ठेवणार काय?"

"आई."

सुतार चाळीस वर्षं धंद्यात होता. त्याने लोकांना चोरकप्पे करून दिले होते, एकाला तर बायकोपासून लपायला मोठी पेटी करून दिली होती. "किती वजन?" एवढंच त्याने विचारलं. वजन सांगितल्यावर म्हणाला, "एकच करायचं?"

"तीन."

"आया किती आहेत तुम्हाला?"

"आई एकच. पण एकालाच कपाट दिलं तर बाकीचे दोघं मला जगू देणार नाहीत."

गुरुवारी तिने परत तिघांना फोन केले. आईचं नाव तिने असं वापरलं की ते खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं. "आईच्या मनात आहे म्हणून तुझ्या खोलीसाठी एक मोठं कपाट करून घेतलंय. तुझ्या नावाचं. रविवारी सकाळी येतंय. तेवढी जागा तूच करून दे बाबा, मला तुझ्यातलं काही कळत नाही."

रविवारी सकाळी नऊच्या आत तिघे हजर. आईच्या ऑपरेशनला तिघांनाही सुट्टी मिळाली नव्हती, हे इथे सांगून ठेवलेलं बरं. आपलं ते आपलं असतं, दुसरं काय.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिन्ही कुलपं एका दिवशी उघडली. आणि मग धाकटीने पाहिलं ते असं: दादा स्वतःच्या हातांनी रिकाम्या बरण्या अंगणात भिरकावत होता. चाळीस बरण्या, एक तुटकं वल्हं, दोराची तीन भेंडोळी. तिने यातली एक बरणी जरी हलवली असती तर भूकंप झाला असता. "हे कशाला ठेवलं होतं मी?" तो स्वतःलाच रागावत होता. सतरंजी मात्र त्याने उचलली, झटकली आणि खिडकीच्या कोनाड्यात नीट ठेवली. ताईने उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाहेर काढले. त्यातली मुलं आता लग्नाला आली होती. सापळा तिने ठेवला. मामांनी साठातली सोळा घड्याळं निवडून बाजूला काढली. बाकीची चव्वेचाळीस त्यांनी अंगणात एकेक करून मांडली, आणि प्रत्येकात वेगळी वेळ असल्याने अंगणात बघणाऱ्याला किती वाजले ते कळेना.

अकराला सुताराची गाडी आली. तिन्ही कपाटं आत गेली. तिघांनी आपापलं कपाट हाताच्या वितीने मोजलं आणि मग हळूच दुसऱ्याच्या खोलीत जाऊन त्याचंही मोजलं. सगळी सारखी निघाली तेव्हा जरा हिरमुसले.

"केवढं आहे गं," ताई म्हणाली. "माझं सगळं सामान घातलं तरी निम्मं रिकामं राहील."

"आज काही घालू नका," धाकटी म्हणाली. "रंग ओला आहे."

रंग लावलेलाच नव्हता. पण आनंदात असलेला माणूस बोट लावून बघत नाही.

मोकळी जागा नुसती मोकळी ठेवली असती तर दुपारपर्यंत बरण्या परत आत आल्या असत्या. कपाट मात्र जागा अडवून बसलं होतं, आणि कपाट होतं ज्याचं त्याचं, म्हणून कुणाची तक्रार नव्हती. दादाची खोली मोरीला लागून. जेवणं झाल्यावर तिघे अंगणात घड्याळांमध्ये बसून गप्पा मारत होते, तेव्हा धाकटीने दादाच्या कपाटाची दारं सरकवली, आईसाठी आणवलेला पलंग आत ढकलला, चादर घातली आणि उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. समोर वॉकरसाठी चार फूट जागा राहिली. ती तिने दोनदा पावलांनी मोजली.

चार वाजता आई आली. दोन माणसांनी तिला खुर्चीवरून आत आणलं. ती दादाच्या उंबऱ्याशी थांबली.

"मी शब्द दिलाय," ती म्हणाली. "ही खोली त्याची आहे."

"खोलीत नाहीच ठेवत तुला," धाकटी म्हणाली. "कपाटात ठेवतेय."

आईने कपाटाकडे नजर टाकली. लांबी, खोली, उंची. तिचे ओठ हलले, माप घेताना हलायचे तसे. "साडेसहा बाय साडेतीन," ती म्हणाली. "माझ्याच मापाचं बेतलंयस." आणि तिने स्वतःला आत ठेवून घेतलं.

दादा धावत आला. "माझ्या कपाटात आई?"

"कपाट तुझंच आहे."

"मग माझं सामान?"

"आईला बाहेर काढ आणि ठेव."

उघड्या दारातून आई त्याच्याकडे बघत होती. जगात कुठलाही स्वयंपाकी आईला कपाटातून काढून त्या जागी बरण्या ठेवू शकत नाही. धाकटीला वाटलं, आता हा परत तीन दिवस गोठणार. पण तो खाली बसला, त्याने आईच्या पायांवर चादर सारखी केली, आणि लहान असताना रडायचा तसा रडला. धाकटीला त्याची इतकी वर्षं जी चीड होती ती तिने शोधली, पण त्या क्षणी ती काही सापडली नाही.

लगेच दारात ताई आणि मामा.

"दादाच्याच कपाटात का?" ताईने विचारलं. "माझं काय वाईट आहे?"

"माझ्या कपाटाला उन्हं येतात सकाळची," मामा म्हणाले. "हाडांना बरी असतात."

अर्धा तास वाद झाला. पंधरा पंधरा दिवस प्रत्येकाच्या कपाटात, असं ताईने कागदावर मांडलंसुद्धा. शेवटी आतून आई म्हणाली, "मी काय वाचनालयाचं पुस्तक आहे? दार लावा, मला झोप येतेय." जाताना ताईने धाकटीच्या हातात कुलूप दिलं. "मी लावत नाही. माझं कपाट रिकामं ठेव. पुढच्या वेळी आई माझ्याकडे." मामांनीही खोली उघडीच ठेवली. दादा जाताना उंबऱ्यात घुटमळला, पण यावेळी आईने त्याला कुठलंच घर दिलं नाही. नुसतं "सांभाळून जा" म्हणाली.

घर शांत झालं. धाकटीने आईला उठवलं, वॉकर दिला, आणि आई मोरीपर्यंत चालत गेली आणि परत आली. कुणाच्याही पायाला न अडखळता. परत आत टेकल्यावर ती म्हणाली, "तू कुठे झोपणार?"

"पॅसेजमध्ये. आता काय, अख्खा मोकळाच आहे."

आईने वरच्या जाळीकडे पाहिलं. "तुला कधी म्हटलं नाही मी."

"काय?"

"अख्खं घर तुझं आहे म्हणून."

धाकटी चादरीची घडी करत होती. ती घडी तिने परत उलगडली. अकरा वर्षं तिने हा प्रश्न विचारला नव्हता, कारण उत्तर आपल्याला झेपणार नाही असं तिला वाटायचं.

"का नाही म्हटलंस?"

"ज्याला म्हटलं तो निघून गेला," आई म्हणाली. "दारात उभी राहून म्हणायचे ना मी. मला वाटायला लागलं, हे म्हटलं की माणूस जातो. तू जाऊ नयेस असं वाटायचं. म्हणून धरून ठेवलं तुला, पॅसेजमध्ये. माझ्या पायाशी." मग म्हणाली, "आणि मी पडले त्यात तुझ्या पायांचा दोष नव्हता. मी अंधारात मुद्दाम ते चाचपत होते, तू आहेस ना ते बघायला. रोजच बघायचे."

धाकटी खाली बसली. तिने आपले पाय लांब केले, भिंतीपर्यंत, आणि बराच वेळ तसेच ठेवले.

मग ती उठली. पॅसेजमधून तिने आपली शाल आणली, ताईच्या खोलीत गेली आणि ताईच्या रिकाम्या कपाटात तिने ती शाल पसरून ठेवली. सापळा बघत होता. त्याला ती काही बोलली नाही. ताईने दिलेलं कुलूप तिने हातात घेतलं, त्यावरचा कारखान्याचा शिक्का अंगठ्याने पुसला, आणि या घरात इतकी कुलपं आणूनही आपल्यासाठी एकही आणलं नव्हतं, हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

"काय करतेस तिकडे?" आईने हाक मारली.

"हात लावला."

"ताईने विचारलं तर काय सांगशील?"

"सांगेन," धाकटी म्हणाली, "रिकामं आहे. पण माझं आहे."